कुलूप असल्यास पुढचं घर

एकतीस वर्षं मी ‘तुम्ही सुखी आहात का’ असं विचारत परभणी जिल्हा पालथा घातला, आणि त्याबद्दल मला दर महिन्याला पगार मिळाला. हे नोकरीचं काम आहे हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना त्या सांगायच्या, “सून सर्वेला जाते.” कसला सर्वे, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “झाडं लावल्यावर लोकांना बरं वाटलं का, ते बघायला.” मग दोघी मिळून माझ्याकडे बघत राहायच्या. मी पिशवी उचलून एसटी गाठायचे.

ह्या कामाला मूल्यमापन म्हणतात. म्हणजे असं, की एखादं खातं किंवा एखादी मोठी संस्था गावात पर्यावरणाचं काहीतरी करते. माळावर झाडं लावते, उताराला चर खणते, बिनधुराच्या चुली वाटते. फोटो निघतात, नारळ फुटतात. मग दोनतीन वर्षांनी वरच्या कुणाला तरी आठवतं की ह्यानं माणसांचं काही भलं झालं का, हेही एकदा बघायला पाहिजे. झाडं मोजायला माणसं असतात, विहिरीतलं पाणी मोजायलाही असतात. माणसांचं बरंवाईट मोजायला आम्ही. फॉर्म घ्यायचा, दारोदार जायचं, विचारायचं, लिहायचं, आणि मार्चच्या आत सगळ्याचा जाडजूड अहवाल करून द्यायचा. तो अहवाल कोण वाचतं हे विचारायचं नसतं.

बाहेरच्यांना वाटतं, विचारायचं आणि लिहायचं, त्यात काय एवढं. पण गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न आम्ही विचारतच नाही, गाव विचारतं. “बाई, काय द्यायलेत?” मी काही देणार आहे असं वाटलं की त्या गावाइतकं दुःखी गाव भूतलावर सापडायचं नाही. काही काढून घ्यायला आलेय असा वास आला, की “लय बेस हाय बाई, काईच तरास न्हाई.” ह्या दोहोंच्या मधे जी बारीकशी फट असते तिच्यातून खरं काढायचं, ही आमची विद्या. ती मला येते असा माझा समज होता.

चुडाव्याच्या पुढं एका घरात मी विचारलं, “बिनधुराची चूल वापरात आहे का?” घरधनीण म्हणाली, “हाय की. रोज.” आत जाऊन बघते तर चुलीच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसलेली. फॉर्मवर चौकटी दोनच, ‘वापरात’ आणि ‘बंद’. मी पेन धरून विचारात पडले तर ती बाई म्हणाली, “तिला उठवू नका बरं का, आजून आठ दिस हायत.” मी ‘वापरात’वर खूण केली. त्या कार्यक्रमाला पुढं बक्षीस मिळालं.

नंतर पुण्याहून चेहऱ्यांचं कार्ड आलं. अडाणी माणसाला समाधान शब्दात सांगता येत नाही असं तिथल्या तज्ज्ञांना कळलं होतं, म्हणून रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच गोल चेहरे, आणि माणसानं आपल्याला लागू पडेल त्यावर बोट ठेवायचं. पाथरीजवळच्या एका आजोबांनी ते कार्ड जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “का हो बाबा, मध्यमच?” मी विचारलं. “मध्यम कशाचं, ह्यो आमच्या साडूवानी दिसायलाय.” तो साडू ‘मध्यम समाधानी’ म्हणून पुण्याला गेला आणि तिथं त्याचा रंगीत आलेख झाला.

असं हसत खेळत चाललं होतं. माझा एक लौकिक होता, की हिचा फॉर्म कधी कोरा येत नाही. बाकीच्यांचे गठ्ठे जायचे ते ‘घर बंद’, ‘भेट झाली नाही’ अशा शेऱ्यांनी भरलेले. माझा गठ्ठा पुरता भरलेला. आमचे समन्वयक, म्हणजे संस्थेतले माझे साहेब, नव्या पोरापोरींना माझे फॉर्म दाखवून म्हणायचे, “बघा, काम असं असतं.” मी मान खाली घालून बसायचे, म्हणजे चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये.

ह्या लौकिकाचं गुपित पुस्तिकेत होतं. फॉर्मबरोबर एक पुस्तिका येते. तिच्यात लिहिलेलं असायचं की यादीतलं घर बंद असेल तर वेळ न दवडता पुढचं उघडं घर घ्यावं. हिशेब लागावा म्हणून आम्ही बंद दारावर खडूनं घराचा नंबर घालायचो आणि ज्या घरी विचारलं त्या दिशेला बाण काढायचो. ज्यानं हा नियम केला त्याच्या गावात लोक भाजी आणायला जात असावेत आणि तासाभरात परत येत असावेत. आमच्याकडे दसरा झाला की घरंच्या घरं कुलपं लावून ऊस तोडायला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आणि मार्चला अहवाल द्यायचा म्हणून आमचा सर्वे असायचा जानेवारीत. हवा छान असते जानेवारीत, ऊनही लागत नाही. एकतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात का आलं नाही, असं मला कुणी विचारू नये. उत्तर मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही.

सेलू तालुक्यातलं एक गाव, नाव लिहीत नाही. तिथं गायरानाच्या वरच्या अंगाला चर खणून झाडं लावली होती आणि तार मारून चराई बंद केली होती. काम खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. चरात पाणी मुरलं, खालच्या शिवारातल्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकलं, मी डोळ्यांनी बघितलं. जानेवारीत मी तिथं सर्वेला गेले. यादीतली बरीच घरं बंद होती. मी पटापट नंबर घातले, बाण काढले आणि पुढची घरं घेतली. त्यातलं एक घर माधवरावांचं. विहीर, ट्रॅक्टर, ओसरीत झोपाळा, आणि बोलणं गोड. त्यांच्या घरून दोन वेळा चहा आला. “शेरडं गेली, पीडा गेली बाई,” ते म्हणाले. “गाव लय सुखी हाय.” मी अहवालात लिहिलं, ‘चराईबंदीचे गावाने मनापासून स्वागत केले आहे.’ मनापासून हा शब्द माझ्या पदरचा. खाली सही केली. त्या अहवालावर गायरानाचा उरलेला तुकडा, ओढ्याकडचा, दुसऱ्या टप्प्यात बंद करायचं ठरलं.

श्रावणात मला पुन्हा त्याच गावी पाठवलं. यशोगाथा लिहायची होती. यशोगाथा म्हणजे एक हसरा लाभार्थी, त्याच्या मागं हिरवं झाड, आणि ‘पूर्वी आम्ही असे होतो, आता असे झालो’ एवढा मजकूर. मी हसरा लाभार्थी शोधत गल्लीतून चालले होते तर माधवरावांच्या शेजारच्या दारातून एका बाईनं हाक मारली. तिचं नाव कौसाबाई. चाळिशीची असेल, पुढ्यात विळी, हातात अंबाडीची भाजी.

“बाई, हे तुमीच लिवलं ना?”

तिच्या दारावर माझा खडूचा नंबर होता. जानेवारीतला नंबर श्रावणात इतका ठळक कसा, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. पावसाच्या झडीनं पुसू नये म्हणून तिनं त्याच्यावर प्लास्टिकचा कागद ठोकला होता, चारी कोपऱ्यांना चार चुका मारून.

“घरकुलाचा हाय का गायरानाचा?” तिनं विचारलं. “तोडीवरून आलो तर दारावर नंबर. म्हनलं, आपलं नाव कशाततरी लागलं. पोरगी म्हनली, आई, पुसू देऊ नको.”

“नाव नाही लागलं,” मी म्हटलं. “नुसता सर्वेचा नंबर आहे.”

“मग बाण कामून काढलाय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “तुम्ही नव्हतात. म्हणून पुढच्या घरी विचारलं.”

“काय इचारलं?”

“गायरान बंद झाल्यानं घराला काही त्रास झाला का, असं.”

“आमच्या घराचं, त्यायला?”

“हो.”

“मग ते काय म्हनले?”

“काही त्रास नाही म्हणाले.”

तिनं माधवरावांच्या घराकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हसली. “बरोबर हाय. त्यायला कामून तरास व्हईल? त्यायच्या हिरीला पानी आलंय. आमच्या घराचं सुख बी त्यायनंच सांगून टाकलं म्हना की.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि नोकरीत पहिल्यांदाच फॉर्म पिशवीत ठेवून नुसती ऐकत राहिले.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्याजवळ दहाबारा शेरडं होती. शेरडं होती तोवर नवरा दिराबरोबर तोडीला जायचा, ती गावात राहायची, आणि ती गावात म्हणून पोरगी शाळेत. वरचं गायरान बंद झालं तशी चारायला जागा पुरेना. वालूरच्या बाजारात शेरडं विकली, तीन ठेवली ती बहिणीकडे सोडली, आणि गेल्या दसऱ्याला तीही नवऱ्याबरोबर कोयता घेऊन गेली. पोरगी, गंगा तिचं नाव, सहा महिने वालूरला मामाकडे राहून शिकली. “यंदा भावजय न्हाई म्हनली. तिचं बी खरं हाय, तिच्या घरात सात मानसं.” आता गंगा दहावीला. तीन शेरडांची यंदा सहा झाली होती. ओढ्याकडचा तुकडा मोकळा राहिला तर कौसाबाई गावात राहणार आणि पोरगी परीक्षेला बसणार. तो बंद झाला तर शेरडं जाणार, आणि मायलेकी दोघी तोडीला. “चौदा-पंधराची पोरगी एकटी कुलपाआड ठिवू का?” तिनं मला विचारलं. हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नव्हता.

मी यशोगाथेची वही मिटली. त्या गावात आठ दिवस मुक्काम ठोकला आणि जानेवारीतली बंद घरं एकेक करून घेतली. सगळी उघडी होती. कुणाची शेरडं गेली होती, कुणाची बाई सरपणाला दुप्पट लांब जायला लागली होती, एका घराला खरोखरच विहिरीच्या पाण्यावर मजुरी मिळाली होती, तेही लिहिलं. नवा अहवाल केला. त्यात पहिल्याच पानावर म्हटलं की आधीचा अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

समन्वयकांनी तो वाचला. वाचला, ही नवलाईची गोष्ट आहे, म्हणून नोंदवते.

“म्याडम, श्रावणातली माहिती जानेवारीच्या माहितीशी जोडायची कशी? हंगाम वेगळा आहे. तुलना होत नाही.”

“सर, श्रावणात माणसं घरी असतात.”

“तेच म्हणतोय मी. परिस्थिती बदलली की तुलना बिघडते.”

“मग जानेवारीत परत जाऊ का?”

“जा ना. नियमाप्रमाणे जा.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “आता दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. इतका चांगला रेकॉर्ड. स्वतःच्याच सहीवर स्वतःच काट मारायची, हे कशासाठी?”

हे त्यांचं बोलणं अगदीच वेडेपणाचं होतं असं नाही. मी घरी येऊन रात्रभर त्यावर विचार केला, इतपत मी भित्री आहे. सकाळी अहवालाची प्रत काढून मी ती वरच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली. तिथल्या माणसानं पोच दिली, वर शिक्का उमटवला. शिक्का फार सुंदर उठला होता.

ओढ्याकडच्या तुकड्याचा ठराव ग्रामसभेत व्हायचा होता. सभा भादव्यात लागली. मी कौसाबाईला म्हटलं, बाया गोळा करा आणि बोला, ग्रामसभेच्या पुढं कुणाचं चालत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती खरंच बाया घेऊन आली. पुरुष थोडे होते. माधवराव आणि त्यांच्या बाजूची मंडळी आलीच नाहीत. त्यांच्यात कुणाला एकाएकी ताप आला, कुणाला पाहुणे आले.

कौसाबाई उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, “झाडाला आमचा इरोध न्हाई. आमाला बी सावली कळती. वरचं बंद केलं, आमी गप बसलो. वढ्याकडचं तेवढं दोन सालं मोकळं ठिवा. माझी पोरगी दहावीला हाय. तिचं पार पडू द्या, मग काय करायचं ते करा.”

ग्रामसेवकानं तिचं बोलणं अदबीनं ऐकून घेतलं आणि मग माणसं मोजली. संख्या भरत नव्हती. सभा तहकूब. पुढची तारीख त्यानं वाचून दाखवली. दसऱ्यानंतरची.

मला ती तारीख ऐकून काहीच वाटलं नाही. कौसाबाईला लगेच कळलं. “तवा आमी कुठं असतोत?” ती म्हणाली.

“काळजी करू नका,” ग्रामसेवक समजूत घालत म्हणाला. “तहकूब सभेला संख्येची अट नसते. किती बी असले तरी चालतंय.”

नियमात तसंच आहे. मी नंतर तपासून पाहिलं. एकतीस वर्षं नियमांवर पोट भरलेल्या बाईनं आता नियमाला नावं ठेवायला तोंड कुठून आणायचं? तोडीला येणार की नाही हे मुकादमाला दसऱ्याआधीच सांगावं लागतं, ठरावाची वाट बघत थांबता येत नाही. दसऱ्याला ट्रक आले. मी त्याच महिन्यात निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि माझे फॉर्म कधी कोरे नसायचे ह्यावर समन्वयक पाच मिनिटं बोलले. सभेनंतर ग्रामसेवकाचा मुद्दाम फोन आला. “ठराव एकमतानं झाला म्याडम. तुमचा जानेवारीचा अहवाल वाचून दाखवला. लय छान लिहिलंय तुमी. मनापासून स्वागत, असं.”

कौसाबाईचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला तेव्हा ती सहाही शेरडं विकून गेलेली होती. कुठल्या कारखान्याला आहात, कोणतं गाव, एवढं विचारून घेतलं. जानेवारी आला तसा माझा पाय घरात ठरेना. इतकी वर्षं त्या महिन्यात मी कधी घरी बसले नव्हते. शेवटी जुन्या फॉर्मांपैकी एक कोरा फॉर्म पिशवीत घातला आणि निघाले. दोन एसट्या, एक जीप, मग शेवटचा तुकडा उसाच्या बैलगाडीतून. मुलगा म्हणाला, “आई, आता तुला कोण विचारतंय?” मी म्हटलं, मला कुणी विचारत नाही, मीच विचारत असते.

उसाच्या फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. फडात कौसाबाई मला बघून चकितच झाली. “बाई, हितं कुठं?”

“तुमचा फॉर्म राहिला होता.”

तिनं कोयता खाली ठेवला, उसाच्या पाचटावर बसायला जागा केली, आणि आम्ही तिथंच सुरुवात केली. कार्यक्रमाची माहिती होती का? होती. तुम्हाला विचारलं होतं का? नाही. घरात काय बदल झाला? तिनं एकेक गोष्ट सांगितली, घाई न करता, आणि मी एकेक लिहिली. नवरा मोळ्या गाडीत चढवत होता, तो मधेच येऊन म्हणाला, “शेरडं सहा लिवा. विकली तवा सहा होती.” तेही लिहिलं. हा फॉर्म द्यायचा कुणाला, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शेवटच्या पानावर घरातल्या माणसांची माहिती असते. गंगा मोळ्या बांधत होती, तिला हाक मारली. उसाच्या पात्यानं दोन्ही हात ओरखडलेले. अक्षर चांगलं आहे असं तिची आई म्हणाली, म्हणून मी फॉर्म तिच्याकडे दिला, म्हटलं, तुझं तूच भर. तिनं गुडघ्यावर ठेवून नाव लिहिलं, वय लिहिलं. खरंच चांगलं अक्षर होतं. मग ती थांबली. प्रश्न होता, ‘सध्या शिक्षण सुरू आहे का?’ पुढं दोन चौकटी.

“बाई, शाळेत नाव हाय माझं,” ती म्हणाली. “परीक्षेपुरती यीन म्हनून सरायला सांगितलंय. पुस्तकं बी कोपीत आनलीत. मग ‘हो’ करू का ‘नाही’?”

‘हो’ कर म्हणायला मला काय झालं होतं? तो फॉर्म कुठंही जाणार नव्हता, कुणी तपासणार नव्हतं. पण इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडातून पुस्तिकाच बाहेर पडली.

“आज जे आहे ते लिहायचं असतं, बाळा.”

तिनं एकदा फडाकडे बघितलं. ‘नाही’च्या चौकटीत नीट, रेघेच्या बाहेर न जाऊ देता खूण केली, पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं, आणि मोळी उचलायला गेली.